दोन इंचांचा पाहुणा, दीड फुटाचा मालक

जबलपूरहून रेल्वेनं मुंबई गाठायची म्हणजे सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास. समुद्र काय तो त्या टोकाला. इकडे खमरियात दिसतं ते दारूगोळ्याच्या कारखान्याचं लांबच लांब कुंपण, ईस्टलँड-वेस्टलँडमधली क्वार्टर्स आणि पाणी म्हणाल तर परियट नदीचं. तरीही घरात समुद्र आणून ठेवायची हौस माणसाला समुद्रापासून जितकं लांब राहावं तितकी जास्त असते. खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी अशा दारूगोळा आणि शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांतून बदल्या होत-होत खमरियाला आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या घरात कोकणचं आजोळ असलं की दिवाणखान्यातल्या गोल्डफिशच्या टाकीकडे पाहून कुणीतरी म्हणतंच, "हे गोड्या पाण्याचं झालं, खाऱ्या पाण्याचे मासे ठेवता येत नाहीत का?"

येतात. प्रश्न आहे तो कुठले ठेवायचे याचा.

समजा, असं एक कुटुंब मे महिन्याच्या सुटीत मुंबईला गेलंय आणि क्रॉफर्ड मार्केटातल्या माशांच्या दुकानांपुढे उभं आहे. धाकट्याचं बोट काचेवर टेकतं. "बाबा, नीमो!" आत बोटाच्या दोन पेरांएवढा भडक नारिंगी मासा, पाठीवर काळी किनार असलेले पांढरे पट्टे. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग नीमो'नंतर नारिंगी-पांढरं काही दिसलं की मुलांना तो नीमोच वाटतो. दुकानदारही फार दुरुस्ती करत नाही. "साहेब, एकदम हार्डी मासा आहे. काहीही खातो." यातलं एक अक्षरही खोटं नाही. मासा खरोखरच चिवट आहे आणि तो खरोखरच काहीही खातो. पुढे-मागे टाकीतले बाकीचे सोबतीसुद्धा.

हा नीमो नव्हे. नीमो म्हणजे क्लाउनफिश, पूर्ण वाढला तरी चार इंचांच्या आतबाहेर. हे पोर आहे कोरिस जातीच्या रॅसचं. रॅस हे एक भलंमोठं मत्स्यकुळ. पाचशेहून अधिक जाती त्यात येतात. कुणी बोटाएवढा, कुणी माणसाहून लांब. हिंदी महासागरात सापडणाऱ्या कोरिसच्या पोरांचा तो नारिंगी झगा काही महिन्यांतच उतरायला लागतो. रंग गडद होतात, अंगावर निळे-हिरवे ठिपके किंवा रेघा येतात आणि मासा वाढत जातो. लाल कोरिस ४० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सव्वा फुटावर. त्याची श्रीलंकेकडची बहीण क्वीन कोरिस ६० सेंटिमीटरपर्यंत. आणि तिसरा एक भाऊ आहे, क्लाउन कोरिस. लहानपणी पांढऱ्याशुभ्र अंगावर दोन नारिंगी डाग आणि वरच्या परावर डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके. इतकं गोजिरवाणं पोर की पाहणाऱ्याचा हात खिशाकडे जातोच. ते मोठं होतं तेव्हा काळपट हिरवं असतं, कपाळावर टेंगूळ आलेलं असतं, आणि लांबी १२० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. चार फूट! तेवढी तर बहुतेक घरांतली अख्खी टाकीच असते.

दुकानातल्या पिशवीवर यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

तरीही कुणी हा मासा हौसेनं पाळत असेल तर त्याला वेडा म्हणता येणार नाही, कारण रॅससारखा मनोवेधक मासा शोधून सापडायचा नाही. त्याचं पोहणंच बघा. बाकीचे मासे शेपटी हलवून पुढे जातात, रॅस मात्र छातीचे दोन पर पंखांसारखे मारत जातो. हा मासा पाण्यात उडतो असंच वाटतं. डोळे स्वतंत्रपणे फिरतात, एक खडकाकडे, एक तुमच्याकडे. खायला कोण घालतं हे त्याला दोन-चार दिवसांत कळतं. घरात दहा माणसं वावरली तरी काचेशी धावतो तो एकाच व्यक्तीसाठी.

आणि डोकं! २००९ साली पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ इथे जाकोमो बर्नार्डी या प्राणिशास्त्रज्ञानं एका रॅसचं चित्रीकरण केलं. माशानं वाळू फुंकून शिंपला बाहेर काढला, तो तोंडात धरून बराच दूर एका खडकापाशी नेला आणि मान हिसडून-हिसडून खडकावर आपटून फोडला. एकदा नव्हे, वीस मिनिटांच्या अवधीत तीन शिंपले. नारळ फोडायला पायरी शोधणाऱ्या माणसात आणि यात फरक तो काय? २०१९ साली जपानी संशोधकांनी रॅसच्याच कुळातल्या एका छोट्या सफाईदार माशापुढे आरसा ठेवला. अंगावर लावलेला ठिपका आरशात पाहून तो मासा खडकावर अंग घासून ठिपका पुसू लागला. हे म्हणजे स्वतःला ओळखणंच की काय, यावर अजून वाद आहे. पण असा वाद ज्याच्यावरून होतो तो मासा नुसता शोभेचा नाही एवढं तर खरं.

त्याच्या घरातला कारभारही ऐकण्यासारखा आहे. बहुतेक रॅस आयुष्य मादी म्हणून सुरू करतात. कळपात एक मोठा नर असतो, रंगानं सगळ्यांत झगझगीत. तो गेला की सर्वांत थोरली मादी त्याची जागा घेते. नुसती गादी नव्हे, ती नरच होते. कॅरिबियन समुद्रातल्या ब्लूहेड रॅसमध्ये हा बदल शास्त्रज्ञांनी बारकाईनं पाहिला आहे. नर नाहीसा झाल्यावर काही मिनिटांतच मादीची वागणूक नरासारखी होते आणि आठ-दहा दिवसांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. घरच्या टाकीत एकट्यानं वाढणाऱ्या रॅसचे रंग वर्षा-दोन वर्षांत पार पालटतात, तेव्हा "मासा आजारी पडला" म्हणून औषध ओतण्याचं कारण नसतं.

कोरिसची झोपेची तऱ्हाही न्यारीच. दिवे मालवायची वेळ झाली की मासा वाळूत सूर मारतो आणि गडप होतो. सकाळी उजेड झाला की बाहेर. नव्यानं आणलेला रॅस तर प्रवासानं घाबरून दोन-तीन दिवस, कधी आठवडाभरसुद्धा वाळूबाहेर येत नाही. इथे घरोघरी एकच चूक होते. "मेला वाटतं" म्हणून काठीनं वाळू उकरली जाते. वाळूत निजलेल्या माशाला उठवू नये. टाकीत बारीक वाळूचा चार इंचांचा थर हवाच. जाड खडी घातली तर सूर मारताना तोंड आणि अंग सोलवटतं, जखमा चिघळतात. काही जण साफसफाई सोपी जावी म्हणून तळ नुसत्या काचेचा ठेवतात. कोरिससाठी ते म्हणजे अंथरुणावाचून जन्म काढणं.

आता टाकीचं बोलू, कारण घरातली खरी भांडणं इथून सुरू होतात.

सव्वा फूट वाढणाऱ्या आणि दिवसभर फिरत राहणाऱ्या माशाला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी ही चैन नाही, किमान गरज आहे. ती तोंडोतोंड भरली तर ६८० लिटर पाणी बसतं, म्हणजे पाण्याचंच वजन ६८० किलो. त्यात काच, वाळू, दगड आणि स्टँड धरला तर टनाच्या जवळ. तळमजल्याचं क्वार्टर असेल तर ठीक, वरच्या मजल्यावर हे ओझं ठेवण्याआधी इंजिनियरला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. सरकारी वा कंपनीच्या क्वार्टरमध्ये तर परवानगीचाही प्रश्न येतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी पहिल्यांदा भरायलाच २४ किलोच्या आसपास क्षार लागणार. हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं, म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार मिश्रणच आणावं लागतं. पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर ६८ लिटर पाणी आणि २.४ किलो क्षार. वर्षाचा हिशेब सव्वाशे किलोंवर जातो. घरातल्या गृहिणीला विचारा, वर्षाचे गहू किती लागतात. तेवढंच पोतं या माशाचंही भरावं लागतं. माशाची किंमत या सगळ्यात सर्वांत छोटी रक्कम.

पाणीसुद्धा नळाचं चालत नाही. आरओचं लागतं, आणि घरच्या प्यायच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे क्षार परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी लागते. टाकीतून रोज पाणी उडून जातं, पण क्षार उडत नाहीत. म्हणून रोजची भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. ही एक गोष्ट न कळल्यानं महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र होतो.

भरलेल्या टाकीत लगेच मासा सोडायचा नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. त्याला नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत, दगडांत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. रिकामी टाकी महिनाभर चालवत ठेवणं मुलांना अवघड जातं, मोठ्यांना त्याहून. पण हा महिना ज्यांनी वाचवला त्यांनी मासा गमावला.

खमरियाच्या हवामानाचा यात मोठा वाटा आहे. माशाला हवं २४ ते २७ अंश सेल्सिअस. जबलपूरचा मे ४२ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. म्हणजे हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात चिलर, दोन्ही. चिलर परवडत नसेल तर एक देशी युक्ती काही अंशी चालते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. खिडकीतला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंखा काम करतो, जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाममात्र. आणि ४२ अंशांच्या दुपारी बंद खोलीत पंखा एकटा काही करू शकत नाही, हेही समजून असावं.

मग वीज. पंप आणि स्किमर मिळून १०० वॅट धरा. चोवीस तास चालले तर महिन्याला ७२ युनिट. चिलर वेगळा. बिलाचं एकवेळ सोसेल, वीज जाण्याचं काय? पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. मोठ्या माशाला प्राणवायूही मोठा लागतो. घराच्या इन्व्हर्टरवर निदान एक पंप जोडलेला असावा, नाहीतर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप तरी. वादळी पावसाच्या रात्री हा पंप कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आणि डासांचं यंत्र! मच्छर पळवणाऱ्या कॉइल, मशीन आणि फवाऱ्यांत जी द्रव्यं असतात ती माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण माशांना अतिशय घातक. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा. दिवाळीच्या रंगकामाच्या वेळी, झुरळांचं औषध मारायच्या वेळीही हेच भान ठेवायला हवं.

टाकीला झाकण हवंच, तेही जाळीचं आणि घट्ट. रॅस घाबरला की उडी मारतो. सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडणं हा या छंदातला सर्वांत जास्त आढळणारा शेवट.

खाण्याची बाजू स्वयंपाकघराशी येऊन भिडते. कोरिसच्या पुढच्या दातांनी तो शंख-शिंपले उचकटतो आणि घशात असलेल्या दुसऱ्या दातांनी त्यांचा चुरा करतो. शंख, खेकडे, कोळंबी, काटेरी सी-अर्चिन हा त्याचा समुद्रातला रोजचा आहार. म्हणून टाकी साफ ठेवण्यासाठी लोक जे छोटे शंख आणि झिंगे सोडतात, ते याच्या टाकीत म्हणजे वाढलेलं ताट. घरी त्याला कोळंबी, शिंपल्यांचं मांस, माकूळ बारीक तुकडे करून, दिवसातून दोन-तीनदा थोडं-थोडं द्यावं. एकच पदार्थ रोज देऊ नये, सतत एकाच प्रकारच्या मासळीवर ठेवलेल्या माशांत जीवनसत्त्वांची कमतरता येते. बर्फातून आलेली मासळी धुऊन, छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवली की महिनाभराची सोय होते.

फक्त फ्रीझर कुणाचा, हे आधी ठरवून घ्यावं. शाकाहारी घरात, जिथे सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूणही बाजूला ठेवतात, तिथे आमरसाच्या डब्याशेजारी माकुळाची पुडी निघाली तर दोष सुनेच्या माथी येतो, मुलानं हट्ट धरला होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. छंद एकाचा, राबणूक दुसऱ्याची, ही गोष्ट आजची नाही. १८४६ साली लंडनमध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले. समुद्रापासून दूर, घरात खारं पाणी राखण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी हा एक मानतात. पंप नव्हते. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपुढे उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. नाव थिनबाईंचं झालं, मोलकरणीचं नाव कुणी नोंदवलं नाही.

आता पुन्हा मुंबईच्या त्या दुकानात. समजा, हे सगळं ऐकूनही कुटुंबाचा बेत पक्का आहे, टाकी महिनाभर आधीच तयार करून ठेवलेली आहे. मग मासा घेताना तो खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नये. पोट खपाटीला गेलेलं नसावं, श्वास धापा टाकल्यासारखा नसावा. प्राणवायू भरलेल्या पिशवीत तो जबलपूरपर्यंत येईल. पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात, अंधारात. घरी आल्यावर पिशवी तासन्‌तास उघडी ठेवून हळूहळू पाणी मिसळत बसण्याची एक प्रथा आहे, ती लांबच्या प्रवासानंतर घातक ठरू शकते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि साचलेला अमोनिया त्या स्थितीत कमी विषारी राहतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पाण्याचा पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी बंद ठेवूनच पाण्यावर तरंगवत तापमान जुळवावं, दुकानातल्या पाण्याचा खारेपणा आधीच विचारून आपल्या छोट्या टाकीचा तेवढाच ठेवावा आणि उघडल्यावर मासा चटकन त्यात सोडावा.

छोट्या टाकीत म्हणण्याचं कारण, पहिले चार ते सहा आठवडे नवा मासा वेगळाच ठेवायचा. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक परजीवी रोग होतो. तो मोठ्या टाकीत शिरला की वाळूत, दगडांत दडून आठवडेच्या आठवडे राहतो. वेगळ्या टाकीतही वाळू भरलेला एखादा पसरट डबा ठेवावा, नाहीतर रॅस निजणार कुठे?

सजावटीसाठी प्रवाळ आणायचा विचार मात्र मनातूनही काढून टाकावा. २००१ सालापासून आपल्या देशातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. जिवंत असो की वाळलेला, समुद्रातून काढलेला प्रवाळ घरात ठेवणं गुन्हा आहे. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हेही संरक्षित आहेत. मातीचे, सिमेंटचे कृत्रिम खडक मिळतात, काही महिन्यांत त्यांच्यावर शेवाळाचा थर चढला की खऱ्यासारखे दिसतात. ते तळाच्या काचेवर घट्ट बसवावेत, वाळूवर नव्हे. कारण रॅस खाली उकरतो, आणि ड्रॅगन रॅस नावाचा एक भाऊ तर दगड तोंडानं उलटून खालचे किडे शोधण्यातच दिवस काढतो. तो ज्या घरात आहे तिथल्या काचेचा भरवसा कोण देणार?

कायद्याच्या बाबतीत आणखी एक नाव माहीत हवं, नेपोलियन रॅस. या कुळातला सर्वांत मोठा, दोन मीटरहून लांब, दीड क्विंटलच्याही वर भरणारा, कपाळावर उंचवटा असलेला. मेजवानीच्या टेबलासाठी पूर्व आशियात त्याची इतकी शिकार झाली की २००४ सालापासून तो 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. आपल्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनं सायटिसच्या यादीतले प्राणी बाळगण्यावर नोंदणीचं बंधन आलं. कुणी त्याचं पिल्लू देऊ करत असेल तर पाठ फिरवून चालू लागावं.

क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हॅचरीत यशस्वी केली आहे. त्यामुळे हॅचरीत वाढलेला नीमो मिळू शकतो. मोठ्या रॅसची गोष्ट तशी नाही. दुकानात दिसणारा कोरिस हा जवळपास नेहमीच प्रवाळाच्या खडकांतून पकडून आणलेला असतो. काही देशांत असे मासे पकडण्यासाठी खडकांच्या फटींत सायनाइड फवारलं जातं. मासा गुंगतो, हाती लागतो आणि काही आठवड्यांनी विनाकारण मेल्यासारखा मरतो. खडकावरचा प्रवाळ तर तिथेच मरतो.

आणि बदलीचं काय? खमरियात राहणाऱ्या घराला हा प्रश्न टाळता येत नाही. मासा दोन इंचांचा असताना आलेला, आता फूटभर झालाय, आणि ऑर्डर आली खडकीची. टाकी रिकामी करून, वाळू-दगड ओले ठेवून, मासा बंद खोक्यात घालून दीड दिवसात नव्या घरी टाकी उभी करायची. मोठ्या माशाला पिशवी नव्हे, बॅटरीच्या पंपासह झाकणबंद पिंप लागतं. प्रवासाआधी दोन दिवस त्याला उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर तो आपल्याच घाणीत गुदमरतो. दुकानदार एवढा मोठा मासा परत घेईलच असं नाही, त्याच्याकडे तेवढी टाकी नसते. शेजारी घेत नाहीत. नर्मदेत सोडून पुण्य लागत नाही, खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात तासाभरात तडफडायला लागतो.

म्हणून खमरियासारख्या ठिकाणी पहिलीच खारी टाकी असेल तर मोठा रॅस नको, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. तीन फुटांची टाकी, हॅचरीतली क्लाउनफिशची एक जोडी, दोन-चार शंख. तेवढ्यात पाण्याची, क्षारांची, उन्हाळ्याची सवय होते. दोन उन्हाळे एकही मासा न गमावता निघाले, नोकरीत पुढली पाच-सात वर्षं हलायचं नाही अशी खात्री झाली आणि घरातल्या सगळ्यांनी मनापासून होकार भरला, तर मग सहा फुटांच्या टाकीचा आणि एकट्या कोरिसचा विचार करावा. एकट्याच म्हणायचं. दुसरे मासे हवेतच, तर तेही आकारानं तोलामोलाचे आणि टाकीत त्याच्या आधी मुक्कामाला आलेले असावेत.

आणि धाकट्याला रॅस पाहायचाच असेल तर त्यासाठी टाकीच लागते असं नाही. मुंबईत गाडी बदलून कोकण रेल्वेनं कुडाळला उतरावं, तिथून मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ आहे आणि पावसाळा सोडून तिथे पाण्यात उतरवून मासे दाखवणारे लोक असतात. लाइफ जॅकेट, तोंडावर काचेचा मुखवटा, श्वासाची नळी. पोहता न येणाऱ्यालाही हाताला धरून नेतात. सकाळी लवकर जावं, पाणी स्वच्छ असतं. कपड्यांचा एक जादा जोड बरोबर घ्यावा आणि निघण्यापूर्वी पोटभर नाश्ता करू नये.